संन्याशाने मतं मागावीत का?

१९५७ साली तेव्हाच्या औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, एका संन्याशाला लोकसभेवर पाठवलं. स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाच्या नावामुळे ते आपल्याला ठाऊक असतात, पण बऱ्याचदा तेवढेच.

घरदार सोडलेल्या माणसाने सत्तेच्या जवळ जावं का? भगवं वस्त्र दिसलं की लोक वाकतात. त्या वाकण्याचं मत करून घेणं बरोबर आहे का?

स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३चा. त्यांनी आदर्श मानला तो स्वामी रामतीर्थांना. रामतीर्थ लाहोरला गणित शिकवायचे, पुढे संन्यासी झाले आणि १९०६ मध्ये गंगेत बुडून गेले. व्यंकटेश तेव्हा तीन वर्षांचे होते. म्हणजे या शिष्याने गुरूला कधी पाहिलंच नाही. वेदान्त रोजच्या वागण्यात उतरला पाहिजे, हे रामतीर्थांचं सांगणं मात्र त्यांनी मनावर घेतलं. हिप्परग्याला मास्तरकी केली, १९३२ मध्ये संन्यास घेतला. त्यानंतर हिमालयात न जाता अंबाजोगाईत शाळा चालवली आणि १९३८च्या सत्याग्रहात निजामाचा तुरुंग पाहिला.

त्यांच्या संन्यासाची खरी परीक्षा मला तुरुंगात दिसत नाही. ती नंतर दिसते. हैदराबाद राज्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं, तरी ते मंत्री झाले नाहीत. उलट भाषावार प्रांतांसाठी हे राज्यच मोडावं, असा आग्रह त्यांनी धरला. १९५६ मध्ये ते मोडलं. ज्या जमिनीवर त्यांचं नेतृत्व उभं होतं, तीच त्यांनी वाटून टाकायला सांगितली.

यावर कुणी म्हणेल, मागे बायकापोरं नसली की त्याग सोपा असतो. यात तथ्य आहे. लेकरं घरी ठेवून तुरुंगात गेलेल्यांनी कदाचित जास्त गमावलं. म्हणून संन्यासाला वेगळे गुण देऊ नयेत. भगव्याने मत मागायला हरकत नाही, पण भगव्याच्या नावावर मागू नये.

पुढच्या निवडणुकीत असं कुणी दारात आलं, तर आधी काय सोडलंत हे विचारत बसू नका. हातात सत्ता आल्यावर काय सोडलंत, ते विचारा.