तवक्कुल कोणाच्या जिवावर?



आमच्या नांदगाव खंडेश्वरात एका जुम्याला एक वयोवृद्ध चाचा अंगात ताप असतानाही पहिल्या सफेत येऊन बसले. नमाजनंतर मी विचारपूस केली. ते म्हणाले, "मौलाना, रोगाशी लढण्याची ताकद अल्लाहनेच शरीरात ठेवली आहे. मग भ्यायचं कशाला?"

त्यांचे पहिले वाक्य खरे आहे. विषाणू नाका-घशाच्या पेशींत शिरून स्वतःसारखे असंख्य विषाणू निर्माण करतो. शरीराला इशारा मिळतो, ताप चढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात. रोग नवा असेल, तर त्याला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पुढे शरीर ती ओळख जपून ठेवते. लस हीच ओळख आजाराआधी करून देते. ही निर्मात्याची देणगी नव्हे तर काय?

परंतु या लढाईला दिवस लागतात आणि त्याच दिवसांत आपल्या खोकल्यातून, शिंकेतून, बोलण्यातूनही विषाणू बाहेर पडत असतो. कोरोनात तर लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या अमरावती जिल्ह्याने ती लाट आणि टाळेबंदी अनुभवली आहे. माझी ताकद कदाचित मला वाचवील. शेजारच्या मधुमेही वृद्धाला, घरातल्या तान्ह्या बाळाला ती तेवढीच लाभलेली नसते.

मी स्वतः एकदा तापात इमामत केली होती. चार दिवसांनी सफेतील एक बुजुर्ग अंथरुणाला खिळले. ते माझ्यामुळेच, असे ठामपणे सांगता येत नाही. माझ्यामुळे नाही, असेही सांगता येत नाही. तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही: तवक्कुल माझा, मग जोखीम दुसऱ्याच्या जिवाला का?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कच्चा लसूण खाऊन मस्जिदीत येण्यास मनाई केली. नुसत्या वासाने नमाजींना त्रास होऊ नये, ही ज्या दीनची शिकवण, तिथे आजाराचा त्रास क्षम्य कसा ठरेल? शामच्या वाटेवर साथीची वार्ता येताच हजरत उमर (रजि.) काफिल्यासह परतले. तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे त्यांनी सांगितले.

चाचांना मी एवढेच म्हणालो, की निरोगीपणी केलेल्या नेकीचा मोबदला आजारपणातही लिहिला जातो, ही हदीसची शुभवार्ता आहे. घरी पढलेली तुमची नमाज वाया जात नाही. उलट तिच्यात शेजाऱ्याचा हक्क अदा करण्याची नेकी मिळते.

पुढच्या जुम्याला ते आले नाहीत. त्यांची रिकामी जागा पाहून मला समाधान वाटले आणि त्यांच्यासाठी दुआ केली.

अल्लाह आपल्याला स्वतःच्या विश्वासाचा भार स्वतःच उचलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.