पत्ता तरी कळू द्या

नागपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबर 1956 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक होती. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव व्यसनांविरुद्ध जागर केला. विदर्भातले वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंद आहेत. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. दारूच्या प्रश्नावर विदर्भाइतकं चाललेला, बोललेला, भांडलेला प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पण याच विदर्भातल्या नागपुरात एखाद्यानं विचारलं, ‘मला सोडायची आहे, जाऊ कुठं?’ तर समोरचा बहुतेक वेळा गप्प होतो.

प्रतिज्ञा आणि बंदी यांचं मोल मोठंच आहे. मात्र ज्याचे हात सकाळी पव्वा घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्याच्याकडे निर्धार नसतो असं नाही. तो मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतो आणि तिसऱ्या दिवशी मोडतो. शपथ मोडल्याची लाज बुडवायला पुन्हा पितो. त्याला हवी असते ती संध्याकाळी जाऊन बसता येईल अशी जागा, जिथं समोरची माणसं याच वाटेनं गेलेली असतील.

अशी जागा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही संघटना भारतात 1957 पासून आहे आणि नागपुरातही तिच्या मीटिंगा भरतात. फी नाही, नोंदवही नाही, जात-धर्माची चौकशी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. खर्च सदस्यांच्याच वर्गणीतून भागतो. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली कहाणी मांडतो. उपदेश कुणी करत नाही. जन्मभराची शपथही नसते. आजचा दिवस प्यायचं नाही, इतकंच.

या चळवळीचा उगमच एका शोधात आहे. मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात एकटा उभा होता. पिणं सुटून काही महिनेच झाले होते आणि बारमधले आवाज कानावर येत होते. त्यानं तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्याला दारू सोडू पाहणारा दुसरा माणूस हवा होता, कारण अशा माणसाशी बोललं तरच आपण तरू हे त्याला उमगलं होतं. फोनावर फोन जोडत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. पलीकडच्यांनी फोन ठेवून दिले असते तर?

नागपुरात तो फोन उचलणारं कोण आहे, हा खरा प्रश्न. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसलेही उपचार मिळतात. एए जाहिरात करत नाही, सदस्यांची नावं बाहेर जात नाहीत. ते योग्यच आहे. पण गुप्तता माणसांची आहे, मीटिंगच्या जागेची आणि वेळेची नव्हे. ही माहिती मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत, कोळसा खाणींच्या दवाखान्यांत, पोलीस ठाण्यांच्या फलकांवर का लागू नये? यकृताचा रिपोर्ट हातात देताना ‘आता बंद करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर मीटिंगचा वार आणि पत्ता लिहावा. शासनाची 14446 ही हेल्पलाइनही लिहावी.

मीटिंग म्हणजे औषध नव्हे, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. तिथं आधी डॉक्टर. त्यानंतरच्या लांब पल्ल्यात मात्र गटाचा उपयोग पुराव्यानिशी दिसतो: 2020 च्या कॉक्रेन वैद्यकीय आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले आणि सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी जोडणारे उपचार इतर प्रस्थापित पद्धतींइतके किंवा त्यांहून सरस ठरले.

आंबेडकरी आणि विवेकवादी परंपरेच्या या शहरात एक अडचण खरी आहे. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. ज्याला तो खटकतो, त्यानं उंबरठ्यावरून परतू नये. ‘आपल्याला उमजेल तसा’ ही मुभा मूळ मजकुरातच आहे, आणि अनेक सदस्य त्या जागी गटालाच मानतात. स्त्रियांची अडचण अधिक बिकट आहे. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणं जड जातं. तिच्यासाठी वेगळे गट वाढायला हवेत.

आणि पिणारा तयारच नसेल तर? घरच्यांनी त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. एएच्या खुल्या मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट 1951 पासून आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानंही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. नवरा भट्टीवर असला तरी त्याच संध्याकाळी बायको मीटिंगला जाऊ शकते, त्याच्या परवानगीशिवाय.