तारू की शोभेची वस्तू?

पुण्यात समुद्र नाही, पण घरात समुद्र थाटण्याची हौस इथेही आहे. काचेची टाकी, निळसर दिवे, लाटा उठवणारे पंप, मीठ मोजून घातलेले पाणी आणि त्यात झुडपासारखे फांद्या फुटलेले रंगीत प्रवाळ. शास्त्रज्ञ त्याला ‘ॲक्रोपोरा’ म्हणतात. डोळ्याला ते झाड वाटते, हाताला दगड लागते. प्रत्यक्षात ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उजेडातून अन्न तयार करून देते आणि प्राणी त्याला आसरा देतो. पाणी जास्त दिवस तापलेले राहिले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते.

इतके सुंदर काही पाहिले की ते आपल्याजवळ असावे असे वाटतेच. पण आवडणे म्हणजे हक्क मिळणे का?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून ते तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. मात्र केवळ शिक्षेच्या भीतीने हात आवरला, तर मन तिथेच घुटमळत राहते.

हौशी माणसाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, “समुद्रात तरी ते कुठे सुरक्षित आहे?” त्याचे म्हणणे खोटे नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभर असे संकट आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. “माझ्या टाकीत तापमान स्थिर आहे. एक फांदी कापून चिकटवली की नवी वसाहत वाढते. माझी टाकी नोहाचे तारूच समजा ना!”

ही तुलना आपण मनावर घेऊ या. नोहाने प्राणी तारवात घेतले ते पूर ओसरल्यावर बाहेर सोडण्यासाठी. दार उघडले, म्हणूनच ते तारू ठरले. कच्छच्या आखातातून ॲक्रोपोरा नाहीसे झाले होते. तेव्हा लक्षद्वीपहून काही प्रवाळ आणून मिठापूरच्या समुद्रात लावण्यात आले. तिथेही माणसाने समुद्रातून उचललेच, पण समुद्रासाठी उचलले. दिवाणखान्यातील टाकीला असे दार आहे का? बहुतेक वेळा नसते. आपण कितीही मायेने सांभाळले, तरी ते प्रवाळ आपल्या विजेवर आणि आपल्या उत्साहावर जगते. समुद्रात त्याच्या फांद्यांत मासे आसरा घेतात. इथे ते फक्त आपली नजर सुखावते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात प्रवाळभिंतींची तुलना जमिनीवरील महान अरण्यांशी केली आहे. अरण्य कोणी घरात आणत नाही. आपणच तिथे जातो, आणि जपून जातो.

आपल्याजवळही असे अरण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात ‘आंग्रे बँक’ आहे. तिथले प्रवाळ आपल्यापैकी बहुतेकांना कधीच दिसणार नाहीत. जे आपले नाही, जे आपण पाहणारही नाही, ते आहे ह्याचाच आनंद मानता येणे, ही मालकीपेक्षा कठीण गोष्ट आहे. मुलांना ती लहानपणीच शिकवायला हवी.

सुट्टीत मालवणला जाल तेव्हा पाण्यात उतरून जरूर पाहा. प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा उचलू नका, कोणी विकत देऊ केला तर घेऊ नका. मुलांनी कारण विचारले, तर कायदा सांगा, आणि नोहाच्या तारवाचे दार का उघडले तेही सांगा.