एका दिवसात अकरा ठिकाणं कशाला?

पोरांनो, तुमची यादी मी नीट वाचली. पहाटे सहाला नागपूर सोडायचं, उमरेडला चहा, कऱ्हांडल्याची सफारी, भिवापूर, गोसीखुर्दचं धरण, पवनीचा किल्ला, वैनगंगेचे घाट, जगन्नाथ टेकडी, रुयाडचा महास्तूप, अड्याळ, भंडारा आणि मावळतीला आंभोऱ्याचा पूल. एका दिवसात अकरा ठिकाणं, आणि प्रत्येकापुढे मिनिटं मांडलेली. किल्ल्याला वीस, टेकडीला दहा, धरणाला पंधरा. आंभोऱ्यापुढे तर ‘सनसेट, रील’ एवढंच लिहिलंय. नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणून मागच्या दारानं पळणाऱ्या पोरांना मी वर्गात जे सुनावत आलो, तेच आज तुम्हाला सुनावणार आहे. खाली मान घालून ऐकू नका, माझ्याकडे बघून ऐका.

आधी हिशेब घ्या. कऱ्हांडल्याच्या अभयारण्याचं फाटक उजाडता उजाडता उघडतं. सहाला नागपूर सोडलंत तर तुम्ही तिथं पोचेपर्यंत सकाळच्या गाड्या आत गेलेल्या असतील. समजा चारला उठून वेळेवर पोचलात, तरी सफारी आटोपून बाहेर यायला दहा वाजून जातात. पुढचा सगळा फेरा धरला तर नागपूर ते नागपूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतात. निलज फाट्यापासून पवनी आणि तिथून भंडारा, या रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत, बैलगाड्या आहेत, शाळेतून सायकलवर घरी निघालेल्या मुली आहेत. धान निघण्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेनं भारे वाहणारी माणसं आहेत. मोबाइलवरचा नकाशा त्यांना मोजत नाही, तुम्ही मोजायला हवं होतं. दुपारच्या जेवणाला यादीत जागाच नाही. गाडी चालवणारा तुमच्यात एकटाच आहे, आणि रात्री नऊ-दहाला कुही-नागपूर रस्त्यावर त्याचे डोळे किती उघडे राहतील, याचा विचार अकरा ठिकाणं लिहिताना एकाच्याही मनात आला नाही. कुणाच्या तरी आईनं रात्रभर दाराशी उभं राहायचं, तेव्हा तुमची सहल पूर्ण व्हायची का?

ही हौस कुठून आली तेही मला कळतं. परदेशातल्या बेटांवरचे किनाऱ्याचे रस्ते तुम्ही पाहता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवा डोंगर, मिनिटाला एक नवं ठिकाण. हवाईतल्या मावी बेटावरचा हानाचा रस्ता असाच प्रसिद्ध आहे. सहाशेवर वळणं, 59 पूल आणि त्यांतले बहुतेक एकेरी. पण तिथं राहणारी माणसं पाहुण्यांना काय सांगतात, ते तुमच्या रीलमध्ये आलं नाही. पुलावर गाडी उभी करू नका, मागून रोजच्या कामाला निघालेल्याला आधी जाऊ द्या, कुणाच्या खासगी जागेत शिरू नका, असं ते सांगतात. कारण तो रस्ता त्यांचा दवाखान्याचा आणि शाळेचा रस्ता आहे. आपला रस्ताही तसाच आहे. पवनी तालुक्यातल्या माणसाला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं तर याच रस्त्यानं जावं लागतं. ड्रोनसाठी तुम्ही वळणावर गाडी आडवी लावाल, तेव्हा मागे कोण खोळंबलंय ते आधी बघा.

आता धरणाचं बोलू. पंधरा मिनिटं लिहिलीत ना? ज्या पाण्याचा फोटो तुम्हाला हवाय, त्याच्या तळाशी काय आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला? 22 एप्रिल 1988 ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे खर्च हजारो कोटींत गेला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, ‘इंदिरा सागर’ हे नाव मिळालं. अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि 33 दारं. अडीच लाख हेक्टरला पाणी द्यायचं ठरलं. या पाण्यासाठी भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली दोनशेच्या घरात गावं बाधित झाली. काहींची नुसती शेती गेली, काहींची घरं, देवळं, स्मशानभूमी, पाणवठे सगळं गेलं. नव्या गावठाणात रस्ता आहे तर नळाला पाणी नाही, घर आहे तर हाताला काम नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आली. मोबदल्यासाठी आणि नोकरीसाठी त्यांनी याच पाण्यात उतरून जलसमाधीची आंदोलनं केली. नदीत डोंगा घालून मासे धरणाऱ्या ढिवरांची नदीच बदलली. वाहत्या पात्रात जाळं टाकण्याची त्यांची पिढ्यान् पिढ्यांची जाण या अथांग साचलेल्या पाण्यापुढे अपुरी पडली.

हे ठाऊक नसताना तुम्ही भिंतीकडे पाठ करून, हात पसरून फोटो काढणार आणि खाली लिहिणार, ‘विदर्भाचा समुद्र’. तिथं चहाच्या टपरीवर बसलेला म्हातारा कदाचित त्याच पाण्याखालच्या गावचा असेल. त्याला विचारा, “बाबा, तुमचं गाव कोणतं?” तो हात करून पाण्यातली जागा दाखवील. तेवढ्या बोलण्याला अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत ते होत नाही, म्हणून तुमची पंधरा मिनिटं मी खोडली आहेत.

आणि दुसरं, जास्त गंभीर. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. वर संजय सरोवर आहे, त्याखाली इतर धरणं, बंधारे आहेत. तिकडे पाऊस झाला की पाणी इकडे येतं, मग इथं आभाळ निरभ्र असलं तरी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानं भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी आणि थेट गडचिरोलीपर्यंत हाहाकार माजवला. गोसीखुर्दची 33 दारं उघडावी लागली. लोकांना रात्री घरांच्या माळवदांवर जाऊन बसावं लागलं. धरणाखालचा खडक कोरडा दिसला म्हणजे तो कोरडाच राहणार, असं समजणं म्हणजे जिवाशी खेळ. दारं उघडताना भोंगा वाजतो, खालच्या गावांना दवंडी जाते. पण तुम्ही कानात गाणी घालून, खडकावर उभं राहून मोबाइल उंच धरला असेल तर तो भोंगा कोण ऐकणार? माझ्या वर्गातली मुलं मला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचायची नाहीत. हे मी भीती घालायला सांगत नाही, माझा जीव तुमच्यात गुंतलाय म्हणून सांगतो.

ड्रोनचंही आताच सांगतो. धरणाचा परिसर पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असतो. परवानगी कुणाकडे मागितली? कुणाकडेच नाही. मग ते यंत्र घरी ठेवा.

पवनीसाठी तुम्ही सगळं मिळून चाळीस मिनिटं ठेवलीत, हे मला सर्वांत जास्त लागलं. अरे, हे गाव दोन हजार वर्षांहून जुनं आहे. एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या तिन्ही बाजूंनी मातीचा प्रचंड परकोट आणि खंदक. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं खणलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर विशाल बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. कोरलेले खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत होती. बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग निघाला. सांचीचं नाव घेतल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, पण त्याच घराण्यातली शिल्पं तुमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर होती, हे तुमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. टेकडीवर गेल्यावर भव्य असं काही दिसणार नाही. गवत दिसेल, विटा दिसतील, मातीचा उंचवटा दिसेल. दहा मिनिटांत तुम्ही म्हणाल, इथं काहीच नाही, आणि परत फिराल. म्हणून जाण्याआधी वाचा. वाचून गेलात तर त्या विटांसमोर तासभर उभं राहावंसं वाटेल.

घाट मात्र सकाळीच बघा. पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात. सकाळी बायका दिवे सोडतात, कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी नुसतं पाणी अंगावर घ्यायला उतरतं. दुःखात बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नसतो. हे मला सांगावं लागू नये, पण सांगतो.

कऱ्हांडल्याचं एवढ्यासाठीच वेगळं बोलतो की तुमच्या यादीत ‘वाघ हमखास’ असं लिहिलंय. हमखास काही नसतं. याच जंगलातला जय नावाचा वाघ देशभर गाजला आणि 2016 च्या एप्रिलपासून तो कुणाला दिसला नाही. आणि याच जंगलात 2024 च्या 31 डिसेंबरला गोठणगावच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर दोन्हीकडून कोंडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत शिकलेली माणसंच बसली होती. त्यांनीही मनात ‘हमखास’ लिहूनच गाडीत पाय ठेवला असणार. जंगलाला जायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा, आधी नोंदणी करा, आणि वाघ दिसला नाही तरी परत येताना तोंड पाडू नका.

राहिला आंभोरा. 2024 पासून तिथल्या केबल पुलावर, उंचावर, काचेची गॅलरी झाली आहे, आणि सगळे तिच्याच ओढीनं जातात. जा, पूल देखणाच आहे. याच पुलामुळे कुही आणि भंडाऱ्याची माणसं पाण्यापलीकडे सुखानं ये-जा करू लागली, आधी नावेत बसावं लागे. पण वरून उतरल्यावर चैतन्येश्वराच्या देवळाकडेही या. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी असा पाच नद्यांचा संगम इथं मानतात. हरिनाथांची समाधी इथं आहे. आद्यकवी मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधू’ इथंच रचला, असं विदर्भातले अभ्यासक सांगतात. तो मान आपल्या गावाचा मानणारे अंबाजोगाईकर ते मान्य करत नाहीत, तो वाद वाचून ठेवा. आणि काठाशी वाकून पाणी बघा. नागपुरातलं आपलं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून इथवर येतं. धरणाच्या फुगवट्यात ते साचतं, जलपर्णी माजते. तुम्ही सकाळी न्हाणीघरात सोडलेल्या पाण्याचा हा पुढचा मुक्काम आहे, आणि काठच्या गावांना तेच पाणी प्यायचं, वापरायचं असतं. तिथं वेफर्सचं रिकामं पाकीट फेकणारा माझा विद्यार्थी असेल तर त्यानं माझं नाव सांगू नये.

आता काय करायचं ते ऐका. ठिकाणं तीनच: पवनी, गोसीखुर्द, आंभोरा. आदल्या संध्याकाळी पवनीला किंवा भंडाऱ्याला मुक्काम करा. सकाळी उजाडताना घाट, मग टेकडी आणि परकोट. अकरा-साडेअकराला गावातल्याच खानावळीत भात आणि माशाचं कालवण किंवा वांग्याची भाजी जेवा, पैसे त्या गावात राहू द्या. दुपारी धरण, तिथं निदान दोन तास. चारला निघा, म्हणजे ऊन कलताना आंभोऱ्याला पोचाल आणि अंधार पडण्याआधी परतीला लागाल. रुयाडचा महास्तूप बघायचाय तर पवनीला आणखी एक दिवस द्या, घाईनं प्रदक्षिणा घालून त्या जागेचा अपमान करू नका. भिवापूरला थांबायचं तर मिरचीच्या हंगामात थांबा आणि शेतकऱ्याकडून दोन किलो विकत घ्या. गाडी दोघांनी आलटून पालटून चालवा. ज्याला येत नाही त्यानं मागच्या बाकावर झोपू नये, चालवणाऱ्याशी बोलत राहावं.

जुलै ते सप्टेंबरात जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी विसर्गाची बातमी बघा. धरणाचं एक दार जरी उघडं असेल तरी पात्रात उतरायचं नाही, घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसायचं नाही. तिथला पोलीस किंवा गावकरी ‘मागं व्हा’ म्हणाला की वाद न घालता मागं व्हायचं. बाकी काही ऐका किंवा ऐकू नका, पोरांनो, एवढं मात्र माझ्यासाठी ऐकाच.