तपासलेली वही

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने लातूरचा ट्यूशन एरिया बघता बघता ओस पडला. मेस बंद झाल्या, होस्टेलना कुलपं लागली आणि गाद्या, पेट्या, नोट्सचे गठ्ठे घेऊन पोरं-पोरी अहमदपूर, उदगीर, मुखेड, देगलूर, किनवटकडे आपापल्या गावी परतली. नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरातही तेच झालं. लेक्चर मात्र फार काळ थांबली नाहीत. सर तेच, फळा तोच, प्रश्नसंच तेच, फक्त सगळं मोबाइलवर आलं. लेक्चर हवं तेव्हा थांबवता येत होतं, मागे नेऊन पुन्हा ऐकता येत होतं. शिकणाऱ्याच्या हाती पूर्वी कधी नव्हती अशी सोय आली होती. तरी अभ्यास ढिला पडला आणि त्याचं खापर नेटवर्कवर, मोबाइलवर, गेम्सवर फुटलं. या तिन्हींचा दोष आहेच. पण पोरं गावी गेली तेव्हा आणखी एक गोष्ट लातुरातच राहून गेली होती. ती म्हणजे तपासणी. तिच्याविषयी नंतरच्या वर्षांतही फार कमी बोललं गेलं.

‘लातूर पॅटर्न’ हे नाव आता जाहिरातींनी पार झिजवून टाकलं आहे. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांत ही पद्धत रुजली तेव्हा लातूरकडे पुण्या-मुंबईची साधनं नव्हती. चिकाटी होती. धडा संपला की चाचणी, पेपर लगोलग तपासून हातात, चुकलेलं पुन्हा सोडवून घेणं आणि मग पुन्हा चाचणी. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली ती या शिस्तीच्या जोरावर. या पद्धतीवर टीका झाली आणि ती रास्त आहे. घोकंपट्टी, मार्कांचा हव्यास, सोळा-सतरा वर्षांच्या जिवांवर पडणारा ताण, सगळं खरं आहे. मात्र टीकेच्या भरात त्यातली एक अस्सल शैक्षणिक गोष्ट नजरेआड होऊ नये. विद्यार्थ्याला काय आलेलं नाही हे इथं कुणाला तरी ठाऊक असायचं, आणि तेही वेळेवर.

मोबाइलवर आलं ते लेक्चर. तपासणी आली ती चार पर्यायांतला एक निवडण्यापुरती. गुण क्षणात कळतात, पण गणित नेमकं कुठल्या पायरीवर घसरलं ते कळत नाही. डाउट विचारायला वेगळा ग्रुप असतो, पण आपल्याला डाउट आहे हेच ज्याला उमगलेलं नाही तो तिथं काय विचारणार?

दूरशिक्षणातल्या अंतराचा विचार जगात पुष्कळ झालेला आहे. मायकेल मूर या अभ्यासकाने 1970च्या दशकापासून एक मांडणी केली. हे अंतर मैलांत मोजू नका, शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती होतो यावरून मोजा, असं तिचं थोडक्यात सार. या मापाने पाहिलं तर दोनशे जणांच्या बॅचमध्ये शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा फळ्यापासून फार लांब असतो. आणि माहूरच्या डोंगरात राहणारी, पण दर आठवड्याला वही सरांकडे पोचती करून परत घेणारी मुलगी अगदी जवळ असते.

आपल्याकडे हे पूर्वीच ओळखलेलं होतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला 1 जुलै 1989 रोजी सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने घरी बसून वाचता येतील अशी पुस्तकं तयार केली. पण नुसती पुस्तकं पाठवून ते थांबलं नाही. चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रं उघडली, तिथं समंत्रक नेमले, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं ठेवली, गृहपाठ लिहून घेतले. नांदेडला त्याचं विभागीय केंद्र आहे. एसटीचे कंडक्टर, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, लग्न झालं म्हणून शाळा सुटलेल्या बायका, अशा कितीतरी जणांनी या वाटेने पदवी घेतली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतही हेच दिसतं. 1971मध्ये तिथं पहिले विद्यार्थी शिकू लागले. गाजले ते बीबीसीवरचे तिचे कार्यक्रम. विद्यार्थ्यांना तगवून धरलं ते मात्र टपालाने आलेले गृहपाठ शेरे लिहून परत पाठवणाऱ्या ट्यूटरांनी. हे दोन्ही आराखडे इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

नवी साधनंही मुळात याच जाणिवेतून आलेली आहेत. आपल्याकडची अनेक महाविद्यालयं ऑनलाइन अभ्यासासाठी मूडल हे सॉफ्टवेअर वापरतात. ते बनवणारे मार्टिन डुजियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. शाळा शेकडो मैल लांब, म्हणून त्यांचं प्राथमिक शिक्षण रेडिओवरून झालं, अभ्यासाचं साहित्य विमानाने येई. शिक्षकाचा आवाज रेडिओवर येतो आणि आपलाही तिकडे पोहोचतो, हे ज्याने लहानपणी अनुभवलं त्याने 2002मध्ये मूडल जगाला दिलं. म्हणूनच त्यात चर्चेला जागा आहे, गृहपाठ स्वीकारायला जागा आहे, प्रत्येक उत्तरावर शेरा लिहायला जागा आहे. आपण ते वापरतो कसं? पीडीएफ ठेवायचं कपाट म्हणून. तपासणी समिती यायच्या आधी कपाट भरलं जातं. शेऱ्याची चौकट वर्षानुवर्षं कोरी राहते. याला तंत्रज्ञानाचं अपयश म्हणता येणार नाही.

मुक्त विद्यापीठाच्या एका रविवारच्या संपर्कसत्रात मी तपासलेली एक वही अजून डोळ्यांसमोर आहे. लोहा तालुक्यातल्या एका गावची बाई, वय तिशीच्या पुढचं, दोन मुलांची आई, बी.कॉम.ला बसलेली. विषय घसाऱ्याचा.

“व्हिडिओ तीनदा बघितला सर. बघताना समजायलंय, वही उघडली की येईना.”

वही पाहिली. एक लाखाचं यंत्र, दहा टक्के घसारा, ऱ्हासमान शेष पद्धत. पहिल्या वर्षी दहा हजार, बरोबर. दुसऱ्या वर्षी उरलेल्या नव्वद हजारांवर नऊ हजार यायला हवे होते, तिने पुन्हा दहा हजार लिहिले होते. तिसऱ्या वर्षीही दहा हजार. दरवर्षी ठरावीक रक्कम धरणाऱ्या पद्धतीचं आणि हिचं उत्तर पहिल्या वर्षी सारखंच येतं, त्यामुळे आपलं बरोबर चाललंय असं तिला वाटत राहिलं. ती गावातल्या बचत गटाची सचिव आहे हे मला माहीत होतं.

“ताई, गटातल्या कर्जाचे दोन हप्ते फिटले की तिसऱ्या महिन्याचं व्याज कशावर लावता?”

“राहिलेल्या मुद्दलावर.”

“मग यंत्राचंही तसंच करा.”

तिने पेन उचललं आणि मान खाली घालून पुढची चार वर्षं एका दमात लिहून काढली. दोन मिनिटांचं काम होतं. व्हिडिओत शिकवलेलं बरोबरच होतं आणि पडद्यावरच्या नोंदीत तिचा तो धडा ‘पूर्ण’ झालेला होता. तिची चूक दिसायला तिची वही पाहावी लागली, आणि ती सुटायला ती रोज कसला हिशेब लिहिते हे कुणाला तरी माहीत असावं लागलं. दूरशिक्षणाच्या खर्चातला बराच पैसा या दोन मिनिटांवर पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता हातातल्या मोबाइलचं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2021मध्ये शाळेतल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या 26 टक्क्यांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. याचा अर्थ आपल्या खेड्यांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फोन बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात असतो, तो घरी येतो रात्री, आणि आल्यावरही आधी कुणाच्या हाती जातो हे घरातल्या मुलींना विचारावं. 2024च्या ‘असर’मध्ये चौदा ते सोळा वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांतल्या 57 टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन घरात आला म्हणजे शिक्षण घरात आलं, असं धरून चालता येत नाही.

आणि फोन घेण्याची ऐपत नसलेली घरं संपलेली नाहीत. जानेवारी 2025मध्ये नांदेड जिल्ह्यात एका शेतकरी बापाने आणि उदगीरला शिकणाऱ्या त्याच्या मुलाने जीव दिला. संक्रांतीला घरी आलेल्या मुलाने अभ्यासासाठी मोबाइल मागितला होता, आणि कर्जात बुडालेल्या बापाला तो घेऊन देता आला नव्हता, असं बातम्यांतून कळलं. अशा मृत्यूचं एकच कारण सांगू नये, सांगता येतही नाही. पण अभ्यासाची लिंक ग्रुपवर टाकताना, ती प्रत्येकाला उघडता येतेच असं आपण गृहीत धरतो, तेव्हा एखाद्या घरात काय उभं राहत असेल याचा विचार शिक्षकांनी, संस्थांनी आणि सरकारने करायलाच हवा. स्वतःचा स्मार्टफोन ही शिक्षणाची अट होता कामा नये. जे जे ऑनलाइन आहे ते तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात बसून करता आलं पाहिजे. चार संगणक, चालू इंटरनेट आणि संध्याकाळी आठपर्यंत उघडं दार एवढं पुरतं.

हे सगळं लिहितो म्हणून मी पडद्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकं कागदावरच उरकतात, तिथल्या मुलाला कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन मराठीत मिळतात. तारा जोडून दिवा लावायचा, रोध वाढवायचा, विद्युतधारा कमी होताना पाहायची, चुकलं तर पुन्हा जोडायचं. पडद्यावर ना खरं काही जळतं, ना कुणी रागावतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून संगणकाचे धडे मराठीत ऐकता येतात. 2020मध्ये शेजारच्या बीड जिल्हा परिषदेने ‘वोपा’ या संस्थेच्या साथीने दहावीसाठी व्ही-स्कूल उभं केलं. ते मोफत होतं, मराठीत होतं आणि धडे लिहिणारे जिल्ह्यातलेच शिक्षक होते. गावाला जे कधीच मिळालं नव्हतं ते अशा साधनांनी दिलं आहे. मुलाने ते सिम्युलेशन हाताळल्यावर वहीत काय लिहिलं, हे बघणारं कुणी असलं की काम पुरं होतं.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2010मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निव्वळ वर्गापेक्षा वर्ग आणि ऑनलाइन यांचं मिश्रण सरस ठरलं. हे वाक्य आपल्याकडे फार आवडीने सांगितलं जातं. त्याच अहवालातली पुढची सूचना मात्र गाळली जाते. मिश्र पद्धतीत शिकणाऱ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं, त्यामुळे श्रेय नुसत्या माध्यमाला देऊ नका, असं तिथं बजावलेलं आहे. मिश्रण म्हणजे भर घालणं. आपल्याकडे काढून घेणं सुरू होईल अशी मला भीती वाटते. मे 2021मध्ये यूजीसीच्या मसुद्याने अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. ज्या महाविद्यालयात जागा रिक्त आहेत आणि निम्मा डोलारा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर उभा आहे, तिथं हे 40 टक्के म्हणजे न भरलेल्या जागांना आयतं निमित्त होऊ शकतं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला मोबदला मिळतो तो शिकवलेल्या तासाचा. वह्या तपासायला तो घरी बसला तर ते त्याच्या पदरचं. लेक्चर एकदा चित्रित झालं की तोही तास गेला.

हिशेब काही आवाक्याबाहेरचा नाही. एक वही नीट पाहून दोन ओळी लिहायला दहा मिनिटं धरली तर छत्तीस विद्यार्थ्यांना आठवड्याचे सहा तास लागतात. हे सहा तास कामाचे तास म्हणून मोजा आणि त्यांचा मोबदला द्या. चांगली लेक्चर विषयामागे एकदा तयार झाली की नांदेड विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांना पुरतात, त्यामुळे शिकवण्यातला वेळ खरोखरच वाचतो. तो वाचलेला वेळ वह्यांकडे वळवायचा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994मध्ये नांदेडला स्थापन झालं, आणि त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. लातूरची तपासणीची शिस्त आणि मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र एकत्र आणायला या भागाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. दोन्हीची माणसं इथंच आहेत, बऱ्याचदा एकाच इमारतीत काम करतात.

सुरुवात कुठून करावी, असं विचारलं तर मी ऊसतोडीला जाणाऱ्यांपासून म्हणेन. मुखेड, कंधारकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांत शिकू पाहणारी तरुण पोरं-पोरी असतात. मोबाइल असला तरी फडावर त्यांना विचारणारं कुणी नसतं. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं राज्यभर पसरलेली आहेत. नाव मुखेडला नोंदवलेल्या मुलीला सहा महिने कारखान्याजवळच्या केंद्रात रविवारी बसता यावं, तिच्या वहीच्या पानाचा फोटो मुखेडच्या समंत्रकाकडे जावा आणि आठवड्याच्या आत शेऱ्यासह परत यावा, इतकी व्यवस्था आज असलेल्या साधनांत बसते. त्यासाठी नवं ॲप लागत नाही. टोळ्या निघण्याआधी गावोगावच्या अशा विद्यार्थ्यांची यादी लागते, आणि ती करायला दसरा ते दिवाळी एवढाच अवधी असतो.