कोणाला पाणी न मागता

गेल्या हिवाळ्यात आमची अक्का मुंबईहून गोव्याला बोटीनं जाऊन आली. बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरची लाँच नव्हे. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, पोरांना घसरगुंड्या आणि दीड-दोन हजार माणसांच्या राहण्याजेवण्याची सोय असलेलं दहा-अकरा मजली जहाज. अक्काचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले आणि समुद्र आयुष्यात कधी पाहिलेला नाही. जांब समर्थहून जालना, जालन्याहून वंदे भारत, मुंबईत लेकाकडे मुक्काम आणि मग बॅलार्ड पियरचं नवं टर्मिनल असा तिचा प्रवास झाला. ती परत आल्यावर मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विचारलं, "कशी होती गं बोट?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काय सांगू. तीन दिवस म्या कोणाला पाणी मागितलं नाई, अन् मला बी कोणी मागितलं नाई."

मोठ्या जहाजांवरच्या सुट्टीच्या बाजूनं आणि विरुद्ध मी बरंच वाचलं आहे, पण अक्काच्या या वाक्याइतकं नेमकं काही मला सापडलं नाही. त्यात सुख आहे हे तिच्या आवाजावरून कळत होतं. सुखाशिवाय आणखी जे काही होतं ते तिला सांगता येत नव्हतं, आणि मला त्याचा पिच्छा सोडवेना.

आधी सुखाबद्दल. अक्काच्या हातून पन्नास वर्षं लोकांनी पाणी घेतलं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या; लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं स्वतःच्या हातानं तोडली. त्या वर्षी टँकरच्या मागं हंडे घेऊन धावणाऱ्या बायकांत अक्का होती, आणि घरात कोणाला किती तांबे हे ठरवणारीही तीच होती. ही बाई जहाजावरच्या न्हाणीघरात गेली आणि पहिल्या दिवशी साबण लावताना तिनं नळ बंद केला. सुनेनं सांगितलं, आत्या, इथं पाणी संपत नाही. समुद्राचं खारं पाणी जोरानं पडद्यातून दाबून काढतात, मीठ मागं राहतं आणि गोडं पाणी पुढं येतं. मोठी जहाजं आपल्या गरजेचं बहुतेक पाणी अशीच तयार करतात. अक्काला ते पटायला दुसरा दिवस उजाडला. तिसऱ्या दिवशी तिनं नळ चालू ठेवून न्हाऊन घेतलं. हे सांगताना तिचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून मोठ्या जहाजांच्या सुट्टीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी बसू शकत नाही.

शिवाय तिच्या गुडघ्यांचा विचार करा. वाराणसी म्हटलं की घाटाच्या पायऱ्या, गिरनार म्हटलं की चढण, साध्या लग्नाला जायचं तरी एसटीची उंच पायरी. जहाजावर पिशवी एकदा उघडायची, लिफ्टनं वर जायचं, खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचं, आणि रात्री नातवंडं, मुलगा, सून सगळे एका टेबलाला. सासरी आल्यापासून सगळ्यांच्या आधी ती जेवायला बसली अशी तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ज्यांनी जन्मभर आयतं ताट खाल्लं, त्यांनी तिच्या तीन दिवसांच्या आयत्या ताटाला बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं.

मग कोणी पाणी मागितलं नाही, याची तिला रुखरुख का?

जांबमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १६०८ साली याच गावात सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला, तोच पुढं समर्थ रामदास झाला. बाराव्या वर्षी तो लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला आणि पुढची बारा वर्षं पायी देश हिंडला. त्या हिंडण्यात त्याच्याजवळ काय होतं? एक झोळी. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक अख्खा समास आहे. समर्थांनी भिक्षा ही पोट भरण्याची युक्ती म्हणून सांगितलेली नाही. दारोदार गेल्यानं गाव कळतं, घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही ते कळतं, माणसं पारखता येतात. मागणाऱ्याला उंबऱ्याशी थांबावं लागतं आणि देणाऱ्याला आतून बाहेर यावं लागतं. त्या दोन पावलांत दोघांची ओळख होते. चरित्रकार सांगतात की इतक्या वर्षांनी समर्थ जांबला परत आले ते स्वतःच्याच घरासमोर भिक्षेकरी म्हणून उभे राहिले. आई म्हातारी, दृष्टी गेलेली. मुलाला ओळख पटवायला तोच एक मार्ग सुचला: दारात उभं राहून मागणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवासाला गरज लागते. तहान, भूक, चुकलेली वाट, रात्रीचा आसरा यांतलं काहीतरी असल्याशिवाय परक्या गावाचं दार उघडत नाही. महाकाय जहाजाचा सगळा हुन्नर ही गरज आधीच भागवून टाकण्यात आहे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. ३६५ मीटर लांब, भरलं तर सात हजार सहाशे प्रवासी आणि वर साडेतेवीसशे कर्मचारी. आमच्या घनसावंगी तालुक्यातली काही गावं एकत्र उचलून पाण्यावर ठेवावीत एवढी वस्ती. त्यावर सात पोहण्याचे तलाव. तिथला प्रवासी बंदरावर उतरतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं, हातात पाण्याची बाटली असते आणि संध्याकाळी परतायची वेळ ठरलेली असते. त्या गावाकडून त्याला काहीच नको असतं, फार तर एक फोटो. आणि ज्याला काही नको त्याला गाव तरी काय देणार?

आपल्या किनाऱ्यावर एकेकाळी चालणाऱ्या आगबोटी आठवून पाहा. कोकणातल्या साध्या लोकांनी भाग घेऊन, परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत, जी आगबोट कंपनी उभी केली तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. एक 'तुकाराम' आणि एक 'रामदास'. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या गावच्या पोराचं नाव एका बोटीवर रंगवलेलं होतं, आणि तीच बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळं मुंबईला बातमी कळेपर्यंत संध्याकाळ झाली. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि रेवस-अलिबागकडच्या घरांमधून रडणं चाललं होतं. मी हे वाचलं तेव्हा जांबच्या राममंदिरात बराच वेळ बसून राहिलो होतो.

त्या काळाबद्दल हळहळ वाटून मी हे लिहीत नाही. आजच्या जहाजावर बिनतारी आहे, रडार आहे, प्रत्येक माथ्यामागं जीवरक्षक जाकीट आहे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून बत्तीस माणसं गेली. त्यानंतर नियम झाला की जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्या सुटल्या सगळ्या प्रवाशांना संकटात कुठं जमायचं ते करून दाखवलं पाहिजे. अक्कालाही ते जाकीट घालून उभं केलं होतं. 'रामदास'वर एवढं असतं तर! ही सुरक्षितता मोठ्या जहाजांच्या पारड्यात पुरेपूर टाकली पाहिजे. पण 'रामदास'वरचे लोक कुठंतरी जायचं म्हणून निघाले होते. सणाला घर, बाजार, आजारी आई. कोकणच्या बंदरांत बोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना पडावातून काठावर आणायला गावचे खलाशी यायचे. बोटीला गाव लागायचं आणि गावाला बोट.

आता उलटं टोक पाहा. हैतीमध्ये लाबादी नावाचं एक भूशिर आहे. १९८६ पासून एका मोठ्या अमेरिकन जहाज कंपनीनं ते भाड्यानं घेतलं, आपल्या प्रवाशांसाठी पुळण, खुर्च्या आणि खेळ मांडले आणि उरलेल्या देशापासून ते कुंपणानं वेगळं केलं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भयंकर भूकंप झाला. चार दिवस उलटायच्या आत प्रवासी जहाज तिथं लागलं. त्यानं मदतीचं धान्यही आणलं होतं, आणि स्थानिक लोकांची रोजी बुडू नये हा युक्तिवादही खोटा नव्हता. तरीही कुंपणाच्या या बाजूला लोक पोहत होते आणि त्याच देशात ढिगाऱ्याखाली माणसं होती. त्या प्रवाशांना मी निर्दय म्हणणार नाही. कुंपणाआत कोणी पाणी मागायला येऊ शकत नव्हतं, एवढंच.

अलास्कातलं जूनो हे बत्तीस हजार वस्तीचं गाव. तिथं उन्हाळ्यात जहाजांतून इतके लोक उतरू लागले की गावानं कंपन्यांशी करार करून २०२६ पासून दिवसाला सोळा हजार प्रवाशांची, शनिवारी बारा हजारांची मर्यादा ठरवली. व्हेनिसनं २०२१ च्या ऑगस्टपासून मोठी जहाजं आपल्या जुन्या कालव्यातून जाऊ देणं बंद केलं. आपल्याकडे वारं उलट्या दिशेचं आहे: २०२४ मध्ये क्रूझ भारत मिशन सुरू झालं, मुंबईत नवं टर्मिनल उभं राहिलं, कोकणच्या बंदरांचीही नावं घेतली जातात. रोजगार येईल, येवो. माझी मागणी फक्त एवढी की धक्का बांधण्यापूर्वी त्या गावाला विचारावं, दिवसाला किती माणसं तुमच्या विहिरीला, तुमच्या रस्त्याला झेपतील. आणि घाणीचंही विचारावं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे प्रक्रिया न केलेलं सांडपाणीही ठरावीक वेगानं सोडायला आंतरराष्ट्रीय नियम परवानगी देतो. बारा मैलांच्या पलीकडेही आमचे कोळी मासे धरतात.

राहिले जहाजावर राबणारे. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांवर त्यांच्या पैशानं स्लॅब पडला आहे. सहा-नऊ महिन्यांचा करार, सुट्टीचा वार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार करारानुसार दिवसातून किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे चौदा तास काम चालतं. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाच्या धक्क्याशी 'डायमंड प्रिन्सेस' अडकली, तीन हजार सातशे अकरा माणसं घेऊन. सातशेहून जास्त लोकांना कोरोना झाला. प्रवाशांना खोल्यांत बंद राहायला सांगितलं, आणि त्यांच्या दारात रोज ताटं पोचवायला बाहेर फिरत होते ते कर्मचारी, त्यांत आपले १३२ भारतीय. प्रवाशाची गरज जहाजावर नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाते.

अक्कानं हे काही वाचलेलं नाही. पण तिच्या तीन दिवसांतली जी एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगते ती ताटं उचलणाऱ्या पोराची आहे. दुसऱ्या रात्री त्याच्या बोलण्यातला हेल तिला मराठी वाटला. तिनं विचारलं, "कोणत्या गावचा रे तू?" सिंधुदुर्गातलं गाव निघालं. मग तिनं विचारलं, "जेवला का?" तो हसला आणि म्हणाला, "आजी, आमचं मागनं." तिला ते आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी निघताना तिनं त्याला शोधलं. त्याची पाळी बदललेली होती. गोवा कसा होता ते तिला सांगता येत नाही. बसमधून उतरून एक चर्च पाहिलं, एक समुद्रकिनारा पाहिला आणि परत. त्या पोराच्या गावचं नाव मात्र तिच्या लक्षात आहे.

हे लिहिताना मला आमच्या गावाचाही हिशेब ठेवला पाहिजे. रामनवमीला जांबमध्येही गर्दी लोटते. गाड्या येतात, माणसं रांगेत उभी राहतात, समर्थांचं जन्मघर पाहतात, राममंदिरात माथा टेकतात आणि तासाभरात पुढच्या गावाला लागतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि दोनेक महिन्यांनी परत सापडल्या, तेव्हा गावाच्या जिवाची जी तगमग झाली ती तासाभरासाठी येऊन गेलेल्यांना कशी कळणार? जहाजाच्या प्रवाशात आणि मोटारीतून येऊन अर्ध्या तासात फोटो काढून जाणाऱ्या आपल्यासारख्यात फरक आहे, पण मानतो तेवढा मोठा नाही. गाडीत बाटली असली की आपणही गावाला पाणी मागत नाही.

यंदाच्या रामनवमीला अक्का ओट्यावर रांजण भरून बसली होती. गुडघ्यांमुळं मंदिरापर्यंत जाणं तिला जमलं नाही. उन्हात दोन पोरं आली, त्यांच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या होत्या. एकानं ओंजळ केली आणि ती वरून पाणी ओतू लागली. त्याची ओंजळ बाजूला व्हायच्या आतच तिनं विचारलं, "कोणत्या गावचे रे तुम्ही?"