पेव आणि उतरंड



आपल्या अभ्यासवर्गात हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पोरं विचारतात, पुढचे दिवस वाईट येणार असं सगळेच म्हणतात. ऊन वाढतंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आणि त्याही टिकतील याची खात्री नाही. मग माणसानं आपल्या घराची तयारी करायची, की चळवळीचं काम करायचं?

या प्रश्नाला 'दोन्ही करा' असं गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही. हा नीतीचा प्रश्न आहे. घराची तयारी म्हणजे काय, ती कुणाच्या जिवावर करायची आणि कुणाला दाराबाहेर ठेवून करायची, हे आधी ठरवावं लागेल.

तयारीचे सल्ले द्यायला पांढरपेशे पुष्कळ आहेत. सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा, थोडं सोनं घ्या, गच्चीवरचं पाणी साठवा. सल्ला वाईट नाही. फक्त तो ज्या घराला दिलाय त्या घराला गच्ची आहे, पगार आहे, बँकेत खातं आहे आणि त्या खात्यात काहीतरी आहे. रोज संध्याकाळी मजुरी हातात पडली की मग पीठ आणणाऱ्या घरानं सहा महिन्यांचा खर्च कुठून काढायचा? आणि मुख्य म्हणजे हा सल्ला देणाऱ्याला वाटतं, आपत्ती अजून यायचीय.

आपल्याला आपत्ती नवी आहे काय? दुकान बंद, गिरणी बंद, पाणी बंद, काम बंद, रस्ता बंद. हे सगळं एका रात्रीत झालेलं आपल्या वस्त्यांनी पाहिलंय. त्याला आपण बहिष्कार म्हणतो. मेलेलं ढोर ओढायला नकार दिला की बहिष्कार. पाटलाविरुद्ध साक्ष दिली की बहिष्कार. अर्थव्यवस्था कोसळणं म्हणजे काय ते अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा आपल्या आज्यांना जास्त ठाऊक होतं.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं. मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराचं हत्यार कसं चालतं ते उघड मांडलंय. ज्याचं पोट गावाच्या हातात, त्याचे हक्क कागदावरच राहतात. म्हणून गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. ती बर्मातल्या १९२२ च्या कायद्याच्या धर्तीवर होती. पुढं अत्याचार प्रतिबंधाचा कायदा १९८९ साली आला आणि २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून स्पष्ट आला. गोलमेज परिषदेपासून मोजलं तर जवळपास पंच्याऐंशी वर्षं लागली. आपल्यासाठी घराची तयारी कधीच घरापुरती नव्हती, ती कायद्यापर्यंत न्यावी लागली, एवढं यातून ध्यानात घ्या.

आता आपल्या घरात साठा काय होता ते पाहू. एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड. वरच्या मडक्यात मीठमिरची, मधल्यात थोडं पीठ, तळाच्या मडक्यात मूठ-दोन मुठी डाळ किंवा बियाणं, आणि त्यातच चिंधीत बांधलेले चार पैसे. उतरंडीची मालकीण घरातली बाई. तळाचं मडकं तिच्याशिवाय कुणी काढायचं नाही. आणि दुसरा साठा म्हणजे चान्या. मेलेल्या ढोराचं मांस चिरून, दोरीवर वाळवून, मडक्यात भरून ठेवलेलं. पावसाळ्यात काम नसलं, घरात दाणा नसला, की त्याच चान्या भाजून पोरांच्या पोटात जायच्या. संकटकाळासाठी आपल्या घरानं केलेली तयारी ती हीच.

आणि १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा. लोकांनी ते सोडलं. आपण या गोष्टीकडे स्वच्छतेची सुधारणा म्हणून पाहतो, पण ती त्याहून मोठी होती. ज्या घरात दुसरं काही नव्हतं, त्या घरानं आपला एकमेव साठा फेकून दिला. पुढं बलुतं गेलं, महारकी गेली. वतनं तर कायद्यानंच गेली. तो मोबदला तुटपुंजा होता आणि अपमानाचा होता, पण सुगीला खळ्यावर काहीतरी हमखास पदरात पडायचं. तेही सोडलं. उद्या काय खायचं हे माहीत नसताना सोडलं.

मग त्यांना दूरदृष्टी नव्हती म्हणायची काय? उलट, त्यांनीच तयारी या शब्दाचा खरा अर्थ लावला. नुसतं जगून राहणं एवढाच हेतू असता तर चान्या पुरेशा होत्या. पण ज्या साठ्यामुळं गुलामी टिकते तो साठा संकटातून वाचवत नाही, तो संकट कायम करतो. तयारी तपासायची पहिली कसोटी ही: या तयारीनं माझी मान वर राहते का?

दुसरी बाजू पेवाची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, वरून बंद. आत शेकडो पायली ज्वारी. वाड्याची ती तयारी होती. दुष्काळ पडला की वाडा पेव उघडायचा, आणि त्या ज्वारीच्या बदल्यात कुणाचं रान लिहून घेतलं जायचं, कुणाचा पोरगा सालगडी व्हायचा, कुणाच्या बायकोची मजुरी पुढच्या सुगीपर्यंत फुकट जायची. वाड्यासाठी दुष्काळ ही सुगीच. आणि एक ध्यानात घ्या. बंद पेवात हवा कुजते. उघडल्याउघडल्या आत उतरणारा माणूस गुदमरून मरतो. उतरणारा पेवाचा मालक नसायचा, हे सांगायला नको.

पेवं बुजली, पण पद्धत गेली नाही. बीडकडचं घर दुष्काळी वर्षाची तयारी कशी करतं? मुकादमाकडून उचल घेतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा जायचं. शहरात आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज हीच उचल.

१९७२ च्या दुष्काळाचं मात्र वेगळं आहे. आमची आजी खडी फोडायला होती. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर जगलं. ती म्हणायची, "हाताला फोड आलं, पन कुनाच्या वाड्याम्होरं पदर पसरला न्हाई." १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ती कामं दयेनं चालली नाहीत. मोर्चे निघाले, तहसीलवर धडका बसल्या, बायका पुढं होत्या. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पुढं २००५ साली देशानं तसा कायदा केला. म्हणजे आजीच्या पिढीनं आपल्या तळाच्या मडक्यात एक हक्क ठेवला. वाड्याच्या पेवाला पहिल्यांदा पर्याय उभा राहिला. असले हक्क जपले नाहीत तर कापले जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता धम्म काय म्हणतो? दीघनिकायात दोन सुत्तं आहेत आणि वरवर पाहिलं तर ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. अग्गञ्ञ सुत्तात बुद्ध समाजाचा आरंभ सांगतो. आधी साळ आपोआप उगवायची. सकाळी सकाळपुरती आणायची, संध्याकाळी संध्याकाळपुरती. एकाला आळस आला, त्यानं दोन्ही वेळची एकदम आणली. दुसऱ्यानं दोन दिवसांची आणली, तिसऱ्यानं चार, कुणी आठ. मग साळ उगवेनाशी झाली. मग बांध पडले, चोरी आली, खोटं आलं, दंड आला, राजा आला. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले हा दावा खोडण्यासाठी सांगितलेलं हे सुत्त आहे. म्हणजे साठेबाजी आणि माणसांची उतरंड यांची गोष्ट तिथं एकाच ठिकाणी येते.

आणि सिगालोवाद सुत्तात तोच बुद्ध गृहस्थाला सांगतो, मिळकतीचे चार भाग कर. एक खा, दोन कामधंद्यात घाल, चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेव.

मग साठवायचं की नाही? मला याचा अर्थ असा लागतो. आळसापोटी आणि हावेपोटी सगळ्यांच्या वाट्याचं ओढून ठेवणं हा एक साठा. आपल्या घामाच्या मिळकतीतला चौथा हिस्सा राखणं हा दुसरा. आणि सिगालोवादात बुद्ध तेवढ्यावर थांबत नाही. सिगाल सहा दिशांना नमस्कार करत असतो. त्याला तो सांगतो की सहा दिशा म्हणजे आई-बाप, गुरू, बायको-पोरं, मित्र, आपल्याकडं राबणारी माणसं आणि श्रमण. त्या दिशा सांभाळल्यास तर तू सुरक्षित. चौथा हिस्सा आणि सहा दिशा हे एकाच उपदेशात आहेत. आपण त्यांची फारकत केली की उतरंडीचं पेव होतं. म्हणून तयारीची दुसरी कसोटी: माझ्या तयारीमुळं दुसऱ्या कुणाला माझ्यापुढं मान खाली घालावी लागते का?

यावर काही तडफदार कार्यकर्ते म्हणतील, ही सगळी मध्यमवर्गी चिंता आहे, व्यवस्था बदलली की घरं आपोआप सावरतील. त्यांना मी विचारतो, तुम्ही मोर्च्याला जाता तेव्हा घरात पाणी कोण भरतं? टँकरच्या रांगेत रात्री दोन वाजता कोण उभं असतं? घराची तयारी तुम्ही करत नाही म्हणजे ती होत नाही असं नाही. ती तुमची आई करते, बायको करते, शाळा सोडून बहीण करते. ज्या कामाला तुम्ही क्षुद्र म्हणता ते तिच्या अंगावर टाकून तुम्ही क्रांती करता. हा घरातला वाडा आधी पाडा.

दुसरे म्हणतील, आधी माझं घर, मग वस्ती. त्यांनी नामांतराचा १९७८ आठवावा. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या तेव्हा घरं आतल्या दाण्यागोट्यासकट जळाली. एकट्या घराचा साठा एकट्या काडीनं जातो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी भरायच्या ठिकाणी माणसं जमू नयेत म्हणून जमावबंदी लागली. अशा वेळी घरातली टाकी किती दिवस पुरणार? आणि २०२० च्या टाळेबंदीत करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्यासोबतच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. आपापली तयारी त्यांनी केली होती. त्यांच्यासाठी तयारी ज्यांनी करायची त्यांनी ती केली नव्हती.

तर करायचं काय? थोडक्यात सांगतो.

कागद आधी. रेशनकार्ड, जातीचा दाखला, घराचा उतारा, सातबारा असेल तर तो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. एकेक नक्कल दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असल्या पुरात ज्याचे कागद गेले, त्याला आपण आहोत हेच सिद्ध करत बसावं लागतं.

महिनाभराची ज्वारी, डाळ, मीठ, तेल, काडेपेटी. कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, जुनं आधी वापरा. एकदम घेता येणार नाही, आठवड्याला किलोभर वाढवा. पत्र्याला उन्हाळ्याआधी वरून चुना मारा. आत फरक पडतो.

कर्ज काढून लग्न नको, मिरवणूक नको. हप्ता म्हणजे गळ्यातली दोरी, आणि वाईट दिवसांत ती दुसऱ्याच्या हातात असते.

मग दहा घरांचा एक गट करा. दर आठवड्याला घरटी मूठभर धान्य विहारात. हिशेब बायांच्या हातात. वस्तीत एकटी म्हातारी कोण, बाळंतीण कोण, आजारी कोण, त्यांची यादी भिंतीवर. अडचणीला जो नेईल तो जमेल तसं परत टाकेल, त्यावर व्याज नाही आणि उपकाराची भाषाही नाही.

आणि अर्ज. काम मागायचं ते लेखी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. गारपीट झाली की पंचनामा पिकाचा होतो, भरपाई सातबारावाल्याला मिळते. ज्याची महिन्याची मजुरी बुडाली त्याचा पंचनामा कुठल्याच रकान्यात बसत नाही. गायरान कसणाऱ्याचंही तेच. हा रकाना मागणं हीसुद्धा घराची तयारीच आहे.

यानं येणारं संकट टळेल असं मी म्हणत नाही. सगळं अनित्य आहे हे आपण रोज म्हणतो. पण संकटाच्या पहिल्या आठवड्यात आपला माणूस वाड्याकडं, मुकादमाकडं, सावकाराकडं जाणार, की विहाराकडं येणार, हे आजच ठरतं. येत्या रविवारी आपल्या गल्लीतली दहा घरं मोजा. पहिली मूठ आपल्या घरातली टाका, आणि ती टाकण्याआधी तळाचं मडकं जिच्या ताब्यात आहे तिला विचारा.

जयभीम.